एका वेळी एक माणूस

पावसाळा तोंडावर आला की ठाणे जिल्ह्यात मनाई आदेश निघतो. धबधब्याखाली भिजायचं नाही, धरणात-बंधाऱ्यात उतरायचं नाही, कठड्यावर उभं राहून फोटो काढायचे नाहीत, ठरावीक अंतराच्या आत गाडी न्यायची नाही. हा आदेश अंबरनाथ तालुक्यातल्या कोंडेश्वरच्या कुंडाला लागतो, बारवी धरणाच्या परिसरालाही लागतो. फलक लागतो, पहिले काही रविवार पोलीसही उभे राहतात. आणि त्याच रविवारी कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथकडून येणाऱ्या लोकलमधून मुलांचे घोळके बदलापूरला उतरतात, रिक्षा ठरवतात आणि पाण्याकडे निघतात. पाऊस पडला की पाण्याकडे जायचं, ही या उपनगरी पट्ट्यात वाढलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. एका खोलीत पाच-सहा जणांसोबत राहणाऱ्या, आठवड्याचे सहा दिवस गाडीला लोंबकळून कामाला जाणाऱ्या माणसाला तिकिटाच्या पैशात मिळणारा तो एकमेव मोठा मोकळेपणा आहे. तो कागदाने थांबत नाही, थांबलेला नाही. आदेशाने एवढंच होतं की माणसं मुख्य वाट सोडून आडवाटेने पाण्यात उतरतात, जिथे त्यांच्यावर कुणाचीच नजर नसते.

उल्हास नदीच्या काठी वसलेल्या बदलापूरला हा प्रश्न इतर गावांपेक्षा जास्त जवळचा आहे. बेलवली हे कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत सामावलेलं जुनं गाव. आज तिथे इमारतींच्या रांगा आहेत, आणि जोराचा पाऊस झाला की बेलवलीच्या भुयारी मार्गात पाणी भरून पूर्व-पश्चिम वाहतूक अडते. २००१च्या जनगणनेत या नगरपरिषदेची लोकसंख्या ९८ हजारांच्या आसपास होती. २०११मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली, आणि त्यानंतरची वाढ तर कुठल्याही गृहसंकुलाच्या गच्चीवरून दिसते. एवढ्या माणसांना मोकळं व्हायला जागा कुठली? पश्चिमेला नदी, पलीकडे डोंगर. नदीकाठाला लोक चौपाटी म्हणतात, नदीवरच्या बंधाऱ्यावर, म्हणजे बॅरेजवर, संध्याकाळी गर्दी होते. म्हणजे लोकांनी आपल्यापुरतं पर्यटन कधीच सुरू केलेलं आहे. त्याची जबाबदारी घेणारं मात्र तिथे कुणी उभं नाही.

या लेखाचा विषय झिपलाइन आहे. नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर ताणलेल्या पोलादी तारेवरून, कप्पीला लटकून जाण्याचा हा खेळ. बेलवलीच्या माणसाला नदीवरची तार अनुभवायची असेल तर तो बहुधा कर्जत, खोपोली, पाली करत शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करून रायगड जिल्ह्यात कोलाडला जातो आणि कुंडलिका नदी ओलांडतो. माझं म्हणणं असं आहे की या खेळातून आपण चुकीची गोष्ट उचलतो आहोत. जाहिरातीत थरार असतो, उंची असते, हात पसरून ओरडणारी माणसं असतात. पण नदीकाठच्या पर्यटनाला झिपलाइनने दिलेली खरी मोलाची गोष्ट अगदी साधी आहे: तिच्यावरून एका वेळी एकच माणूस जातो. त्याला कुणीतरी थांबवतं, त्याचं वजन विचारतं, त्याला पट्टे बांधतं, ते ओढून पाहतं, पलीकडच्या माणसाला खूण करतं आणि मगच सोडतं. आपल्या नद्या, धबधबे, बंधारे यांच्या काठावर गेल्या काही वर्षांत जी माणसं मेली, त्यांतल्या बहुतेकांच्या वाटेत असं थांबवणारं कुणीच नव्हतं.

दोन घटना आठवून पाहाव्यात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं महाराष्ट्राने मोबाइलच्या पडद्यावर पाहिली. १५ जून २०२५ला, तोही रविवार होता, मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नवा पूल मंजूर झालेला होता. म्हणजे माहिती होती, कागद होता, निधीही होता. पुलाच्या तोंडाशी उभं राहून ‘आता बस, पुढचे थांबा’ म्हणणारा एक माणूस तेवढा नव्हता. फलक माणसं मोजत नाही. पुलावर पाच जण आहेत की शंभर, हे त्याला कळत नाही.

झिपलाइनचं बांधकाम समजून घेतलं की मोजणीचा हा मुद्दा आणखी पक्का होतो. ताणलेली तार जितकी घट्ट तितकी सुरक्षित, असं सर्वसाधारण माणसाला वाटतं. वस्तुस्थिती उलट आहे. समजा नदीचं पात्र आणि दोन्ही काठ धरून तारेची लांबी २०० मीटर आहे आणि ८० किलोचा माणूस मध्यावर आला की तार ४ मीटर खाली झुकते. अशा वेळी नुसत्या त्या माणसाच्या वजनाने तारेत साधारण १ हजार किलोचा ताण निर्माण होतो. तीच तार जास्त ओढून झोळ २ मीटरवर आणला तर ताण दुप्पट होतो, २ हजार किलो. तारेचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. झोळ हा तारेचा जीव आहे. तो हिशेबाने ठेवावा लागतो आणि त्या हिशेबात एका वेळचा एक माणूस गृहीत असतो. उताराचंही तसंच. सुरुवात आणि शेवट यांत १० मीटरचा फरक असेल आणि घर्षण, वारा काहीच नसेल, तर माणूस ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने पलीकडे पोहोचेल. प्रत्यक्षात कप्पीचं घर्षण आणि हवेचा अडथळा हा वेग बराच कमी करतात, पण ते सगळ्यांच्या बाबतीत सारखे नसतात. अंगाने जड माणूस जोरात येतो. हलकं मूल, त्यातून समोरचा वारा, मधेच नदीवर थांबतं आणि मग प्रशिक्षित माणसाला तारेवरून जाऊन त्याला ओढून आणावं लागतं. म्हणून वजन विचारणं हा उपचार नाही. ब्रेक कुठे लावायचा, माणूस सोडायचा की थांबवायचा, हे त्या आकड्यावर ठरतं.

तारेची निगा हा याहून बारीक विषय. पोलादाच्या बारीक तारा पिळून त्याचे पेड, आणि पेड पिळून दोर, अशी तिची रचना असते. ती एकदम तुटत नाही. आधी एखादी बारीक तार तुटून टोक वर येतं, मग दुसरी. उघड्या डोळ्यांना ते सहसा दिसत नाही. म्हणून जाणकार माणूस सुती फडकं तारेवर हलकेच गुंडाळून पुढे सरकवत नेतो. जिथे फडक्याचा दोरा अडकला तिथे तारेला काटा फुटलेला आहे. उघड्या हाताने हे करायचं नसतं, तळवा फाटतो. टोकांना तार वळवून यू-आकाराच्या क्लॅम्पांनी आवळलेली असते, तिथेही एक बारकावा आहे. क्लॅम्पची खाचांची बैठक ताण घेणाऱ्या तारेवर यायला हवी आणि वाकडा बोल्ट मोकळ्या शेपटाकडे. उलटं बसवलं तर बोल्ट ताणाच्या तारेलाच चिरडतो, जोडाची ताकद घटते, आणि वरून पाहणाऱ्याला सगळं व्यवस्थितच दिसतं. कोकणपट्टीच्या दमट हवेत गंज आतून सुरू होतो, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली तार वापरायची, दर हंगामात तिचा व्यास मोजायचा आणि तो ठरावीक मर्यादेखाली गेला की कितीही चांगली दिसत असली तरी ती उतरवायची. यातलं काहीही अवघड नाही. सगळं रोज करावं लागतं एवढंच, आणि रोज केल्याची नोंद ठेवावी लागते.

इथे पहिला आणि सगळ्यात गंभीर आक्षेप येतो. झिपलाइन इतकी शिस्तीची असेल तर तिच्यावरही माणसं का मरतात? एप्रिल २०२५मध्ये पुणे जिल्ह्यात भोर तालुक्यातल्या एका खासगी पार्कमध्ये कुटुंबासोबत आलेली २८ वर्षांची तरुणी झिपलाइनच्या मचाणावरून सुमारे ३० फूट खाली पडून मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी जूनमध्ये नागपूरहून मनालीला गेलेल्या कुटुंबातली एक मुलगी झिपलाइनवरून खाली पडून गंभीर जखमी झाली. हार्नेसचा पट्टा तुटल्याचं कुटुंबाने सांगितलं. या घटना बाजूला सारून झिपलाइनची भलामण करणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण त्या नीट वाचल्या तर त्या काय सांगतात? भोरची तरुणी तारेवर गेलेलीच नव्हती. ती मचाणावर होती, अडकवण्याच्या तयारीत. मनालीत, कुटुंबाच्या सांगण्यानुसार, तार नव्हे तर पट्टा गेला. या खेळातला धोका प्रवाशाला वाटतो तसा नदीच्या मध्यावर नसतो, तो दोन टोकांवर आणि अंगावरच्या सामानात असतो. मचाणावर पाय ठेवल्याक्षणी, तारेला अडकण्याच्याही आधी, माणूस वेगळ्या सुरक्षा दोरीने मचाणाला बांधलेला असला पाहिजे. डोंगरात दोरावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी शिकवतात: एक जोड सोडायचा तर दुसरा आधी लागलेला हवा. हार्नेसलाही वय असतं. उन्हाने आणि घामाने नायलॉन थकतं, आणि शिवण उसवायला लागली की तो पट्टा कापून टाकायचा असतो, म्हणजे दुसरं कुणी तो चुकून वापरणार नाही. दोन्ही ठिकाणी शिस्त मोडली म्हणून अपघात झाला, असा निवाडा इथे बसून देण्याचा अधिकार मला नाही; तो तपास यंत्रणांचा. पण कुठे पाहायचं ते या घटनांनी दाखवून दिलं आहे.

आणि इथेच झिपलाइन आणि धबधबा यांतला फरक स्पष्ट होतो. झिपलाइनवर अपघात झाला की प्रश्न विचारायला जागा असते. हार्नेस कुणी बांधला, कधी तपासला, मचाणाला कठडा होता का, नोंदणी होती का, विमा होता का, हे सगळं विचारता येतं आणि त्याचं उत्तर देणं कुणावर तरी बंधनकारक असतं. कुंडात मूल बुडालं तर विचारायचं कुणाला? फलकाला? आपल्या मनाई आदेशांची खरी खोट ही आहे. ते बुडणाऱ्याला वाचवण्यापेक्षा, बुडाल्यावर ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणण्याच्या जास्त कामाला येतात. हे वाक्य कठोर वाटेल, पण ज्या घरातलं पोर रविवारी कोंडेश्वरला गेलं आणि परतलं नाही त्या घराच्या बाजूने पाहिलं तर त्यात कठोर काही नाही.

मग कायदा काय सांगतो? महाराष्ट्रात साहसी उपक्रमांसाठी नियम आणण्याचे प्रयत्न २०१४पासून झाले, २०१८मध्येही शासन निर्णय निघाला. गिर्यारोहण संस्थांनी त्यावर आक्षेप घेतले, आणि त्यांत तथ्य होतं. स्वयंसेवकांच्या बळावर ट्रेक नेणारी संस्था आणि नफ्यासाठी पार्क चालवणारा धंदा यांना एकाच तागडीत तोलणं बरोबर नव्हतं. ऑगस्ट २०२१मध्ये राज्याने साहसी पर्यटन धोरण आणलं. जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं त्यात आलं. देशपातळीवर २०१८ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि तारेच्या खेळांसाठी त्यांत वेगळा भाग आहे. युरोपात ‘ईएन १५५६७’ हे मानक बांधकाम आणि चालवणं या दोन्हींसाठी वेगवेगळ्या अटी घालतं. कागद कमी नाहीत. पण नोंदणी आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिली झाली की दुसरी झाली असं मानतो. लिफ्टची तपासणी करायला सरकारी निरीक्षक येतो, बॉयलरची तपासणी करायला येतो. तारेचा झोळ मोजायला, क्लॅम्पची बैठक पाहायला, हार्नेसवरची तारीख वाचायला तालुक्याच्या पातळीवर कोण येतं? हे काम ज्यांना येतं ती माणसं महाराष्ट्रात आहेत. नागफणीच्या सुळक्याजवळ व्हॅली क्रॉसिंग भरवणाऱ्या मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहण संस्थांनी झिपलाइन हा शब्द इथे रुळण्याच्या कितीतरी आधी दरीवर दोर ताणून माणसं पलीकडे नेली. त्या अनुभवी लोकांना तपासनीस म्हणून मान्यता आणि मानधन देणं हा खर्चाचा नाही, इच्छेचा प्रश्न आहे.

आता बदलापूर आणि कोलाड या दोन गावांची तुलना करू, कारण त्यांना जोडणारा धागा फार कमी लोकांच्या ध्यानात असतो. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी अडवून ते कोकणात सोडायचं आणि त्या उतारावर वीज करायची, अशी तीन केंद्रं उभी केली: १९१५ला खोपोली, १९२२ला भिवपुरी, १९२७ला भिरा. त्यातल्या भिऱ्याला मुळशीच्या तलावाचं पाणी येतं. त्या तलावासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. वीज करून झालेलं ते पाणी कुंडलिकेत सुटतं. एरवी कोकणातली नदी माघानंतर खडकांत विरून जाते. कुंडलिका मात्र भर उन्हाळ्यातही ठरल्या वेळी भरून वाहते. म्हणून कोलाडला बारमाही राफ्टिंग आलं, त्यामागून काठावरची शिबिरं, आणि त्यामागून नदीवर तारा. तिकडे भिवपुरीला आंध्र तलावाचं पाणी येतं आणि वीज करून ते उल्हास नदीत सुटतं. तेच उन्हाळ्यात वाहत बदलापूरच्या बॅरेजपर्यंत पोहोचतं आणि बदलापूर-अंबरनाथच्या नळांना येतं. घाटमाथ्याच्या उलट दिशेने फिरवलेल्या पाण्याने दोन नद्या जिवंत ठेवल्या. एक खेळाची नदी झाली, दुसरी पिण्याची.

म्हणूनच दुसरा आक्षेप, की पिण्याच्या पाण्याच्या नदीवर खेळ आणू नका, मला अर्धा मान्य आहे. बॅरेजच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी उचललं जातं तिथे, एकही मचाण, एकही उपाहारगृह, एकही शौचालय येता कामा नये. पण तारेचा स्वतःचा पाण्याला स्पर्श होत नाही. राफ्टिंग पाण्यात उतरतं, बोटी पाण्यात तेल सोडतात. तार वरून जाते. नदी घाण होते ती तिच्यामागून येणाऱ्या हॉटेलांनी, गाड्यांनी, प्लास्टिकने. त्यावर बंधन घालणं नगरपरिषदेच्या हातात आहे. आणि उल्हासच्या प्रदूषणाचं मूळ पर्यटनात शोधणं ही दिशाभूल ठरेल. कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी या नदीत आणि तिच्या खाडीत, आणि कल्याणजवळ तिला मिळणाऱ्या वालधुनीत किती वर्षं जातं आहे, याचा लढा वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला. २०१५मध्ये लवादाने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि स्थानिक संस्थांना दंड ठोठावला. ज्या वालधुनीच्या काठी १०६० सालचं अंबरनाथचं शिवमंदिर उभं आहे तिचं आज काय झालं आहे, हे मंदिरात जाणाऱ्या प्रत्येकाला नाकाने कळतं. झिपलाइन आणली म्हणून नदी स्वच्छ होईल, असा दावा मी करणार नाही. कोलाडच्याच कुंडलिकेला पुढे रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत लागते, तिथली कहाणी वेगळी आहे. खेळ वरच्या अंगाला चालतो म्हणून खालच्या अंगाची नदी सुधारत नाही.

तिसरा आक्षेप पुराचा, आणि बदलापुरात तो कुणी हलक्यात घेणार नाही. २६ जुलै २००५चा पूर इथल्या जुन्या रहिवाशांना कालच्यासारखा आठवतो. २७ जुलै २०१९ला मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली आणि १ हजारांहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ती जागा बेलवलीपासून फार लांब नाही. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर धरतात. पावसाळ्यात हे आकडे इथल्या लोकांच्या व्हॉट्सॲपवर तासातासाला फिरत असतात. अशा नदीवर तार बांधायची तर मचाणांचे पाये कुठे घालणार? उत्तर नियमात आहे. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, तिच्या आत बांधकाम नाही. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची. पाये लाल रेषेच्या बाहेर, उंच जमिनीवर, आणि तारेचा सर्वांत खालचा बिंदू, माणूस लटकलेला असताना, ज्ञात पुराच्या पातळीपेक्षा कितीतरी वर. पूररेषेवरून बदलापुरात वाद आहेत, बांधकामं अडली आहेत, हे खरं. पण ज्या धंद्याला चार पाये घालायचे आहेत त्याला ती रेषा पाळणं सात मजली इमारतीपेक्षा सोपं जातं. आणि पावसाळ्यात तार बंद. त्यावर चर्चाच नको. जून ते सप्टेंबर कप्प्या उतरवून कुलपात ठेवायच्या.

इथे वाचक विचारेल, आणि रास्त विचारेल, की मग पावसाळ्यातल्या त्या घोळक्यांचं काय? तार बंद असताना ते कुंडातच जाणार. बरोबर आहे, आणि म्हणून माझा मुद्दा फक्त तारेपुरता नाही. पावसाळ्यात जे हवं ते तारेने शिकवलेलं आहे. कोंडेश्वरच्या वाटेवर एक चौकी, चौकीत स्थानिक पाड्यांतली पोहणारी, दोराचं प्रशिक्षण घेतलेली चार तरुण मुलं, एका वेळी किती माणसं आत जातील याची संख्या, आत गेलेल्यांची आणि बाहेर आलेल्यांची मोजणी, पाणी वाढलं की शिट्टी. यासाठी प्रवेशशुल्क घ्यावं लागेल. ते घ्यावं. वीस-तीस रुपयांना लोक नाही म्हणणार नाहीत. लोक नाही म्हणतात ते तोंडावर दार लावण्याला. झिपलाइनसाठी प्रशिक्षित केलेली हीच माणसं पावसाळ्यात जीवरक्षक होऊ शकतात, कारण दोर बांधणं, हार्नेस तपासणं आणि घाबरलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं ही कौशल्यं दोन्हीकडे तीच लागतात. आठ महिने तारेवर आणि चार महिने पाण्याच्या काठावर, असा वर्षभराचा रोजगार त्यातून उभा राहतो.

सगळ्यात बोचणारा आक्षेप मात्र वेगळाच आहे. ज्या राज्यात बायकांना पाण्यासाठी दरीवर टाकलेल्या लाकडी ओंडक्यावरून चालावं लागतं, तिथे मौजेसाठी नदीवर तारा कसल्या ताणता? नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याचं चित्र २०२२च्या सुरुवातीला सगळ्या राज्याने पाहिलं. तास नदीच्या खोल घळीवर ओंडके टाकलेले, डोक्यावर हंडे घेऊन बाया त्यावरून जात होत्या. बातमी आल्यावर लोखंडी पूल बसला, आणि त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहून गेला. नेपाळात तारेवरून लटकून नदी ओलांडण्याला तुईन म्हणतात. शाळेला जाणारी मुलं तिच्यावरून जायची, बोटं तुटायची, माणसं पडायची, म्हणून तिथल्या सरकारने तुईन काढून झुलते पूल बांधायचं ठरवलं. म्हणजे जी तार एकीकडे तिकीट काढून पार करायची, तीच दुसरीकडे नाइलाज. हा आक्षेप मला बराच काळ अडवतो, आणि त्याला उत्तर देताना शब्दांची हातचलाखी करू नये. पाड्याला पूल हवा, तार नव्हे. त्यात पर्याय नाही. झिपलाइनचा पैसा आणि पाड्याच्या पुलाचा पैसा एकाच खिशातला नसला, तरी लक्ष एकाच खिशातलं असतं. नदीवर खेळ मंजूर करणाऱ्या कार्यालयाने त्याच तालुक्यातल्या कुठल्या पाड्यांची वाट पावसात तुटते याची यादी त्याच टेबलावर ठेवली पाहिजे. पण त्यासाठी खेळ नाकारणं हे उत्तर नाही. मुरबाड, शहापूर, कर्जतच्या पाड्यांतली ठाकर आणि कातकरी मुलं आज वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात. त्यांना नदी कळते, वारा कळतो, पाण्याचा रंग बदलला की वर कुठे पाऊस झाला ते कळतं. ते ज्ञान पगाराला लावणारा धंदा त्यांच्या दारात येत असेल, तर बाहेरून आणलेल्या माणसांऐवजी त्यांनाच तो मिळेल अशी अट परवान्यात घालावी.

बाकी आक्षेप चटकन सांगता येतील. पक्षी तारेला धडकतात, त्यासाठी तारेवर ठळक खुणा लावतात. ओरडण्याने काठाची शांतता जाते, ती जाते हे मान्य. म्हणून मंदिराजवळ, वस्तीजवळ आणि झाडीच्या दाट भागात तार नको. खरं साहस हे नव्हे, असं काही गिर्यारोहक म्हणतात. नसेल. ज्या आजीने आयुष्यात मुरबाडची यात्रा आणि मुंबईचं हॉस्पिटल सोडून काही पाहिलं नाही, तिने नातवासोबत नदीवरून जाणं हे तिच्यापुरतं साहसच आहे, आणि तिच्या पट्ट्यांची तपासणी सुळका चढणाऱ्याइतकीच काटेकोर व्हायला हवी.

उल्हासवर कधी तार आलीच, तर ती नेमकी कशी चालावी याचं चित्र डोळ्यांसमोर आणणं अवघड नाही. जागा बॅरेजच्या खालच्या अंगाला, दोन्ही काठांना उंच जमीन पाहून. सकाळी उघडण्याआधी दोघं जण तारेच्या दोन टोकांकडे जातात, फडकं फिरवतात, क्लॅम्पचे नट पान्याने तपासतात. मग वाळूची गोणी तारेवरून सोडून ब्रेक पाहतात. मग त्यांच्यातलाच एक जण स्वतः जातो. त्यानंतर पहिला पाहुणा. मचाणावर टेबल, टेबलावर जाड बांधणीची वही, आडव्या-उभ्या रेघा मारलेली. तारीख, वेळ, तार तपासली, सही. हार्नेसचा क्रमांक, माणसाचं वजन, सुटण्याची वेळ, पोहोचल्याची खूण. वाऱ्याचा अंदाज. आणि सगळ्यात उजवीकडच्या रकान्यात, त्या सकाळी बदलापूरला नदी किती मीटरवर आहे तो आकडा.